चपातीच्या घरात ग्लुटेनचं पथ्य: सिलिअ‍ॅक आजार असलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे कुटुंब. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. नवऱ्याचं दुकान आहे, शिवाय थोडी शेती. रब्बीला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि घरापुरता गहू. बायको माध्यमिक शाळेत शिक्षिका, वय छत्तीस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाळेतली मुलं त्यांना 'बाई' म्हणतात, इथेही तेच नाव ठेवलं आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून या कुटुंबाबरोबर निदानापासून काम केलं.

बाईंचं दुखणं जुनं होतं. सततचा थकवा, वरचेवर तोंड येणं, जेवल्यावर पोट फुगणं, केस गळणं. हिमोग्लोबिन कायम सात-आठच्या आसपास. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. मधे शिरेतून लोहही दिलं गेलं, तेव्हा आकडा चढला आणि काही महिन्यांत पुन्हा खाली आला. दर वेळी कारण तयार असायचं: पाळीत जास्त जातं, खाण्याकडे लक्ष नाही, बायकांचं रक्त कमीच असतं. जुलाब नव्हते, त्यामुळे आतड्याचा आजार कोणाच्या मनात आला नाही. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. तो असलेल्या अनेक प्रौढांना जुलाब होतच नाहीत. गोळ्यांना दाद न देणारी रक्तक्षयाची तक्रार हेच अनेकदा त्यांचं मुख्य लक्षण असतं, कारण लोह जिथे शोषलं जातं तो लहान आतड्याचा सुरुवातीचा भागच या आजारात खराब होतो.

धागा हाती लागला तो नवरात्रामुळे. बाई नऊ दिवसांचे उपवास करतात: वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे, रताळं. मिरजेच्या एका डॉक्टरांना त्यांनी सहज सांगितलं, "उपवासात मला बरं वाटतं, पोट हलकं राहतं. सोडला की चार दिवसांत पुन्हा तेच." डॉक्टर थांबले आणि त्यांनी टीटीजी ही या आजाराची प्रतिद्रव्यं शोधणारी रक्ततपासणी लिहून दिली. उपवासाच्या त्या सगळ्या जिनसांत मुळात ग्लुटेन नसतं. बाई दर वर्षी नकळत नऊ दिवस पथ्यावर असायच्या.

पहिला निर्णय: तपासणी पूर्ण करायची की लगेच गहू सोडायचा?

टीटीजीचा आकडा खूप वर आला. बाईंना वाटलं, आता कळलंच आहे तर आजपासून गहू बंद करू. घरच्यांचंही तेच मत. दुर्बिणीची तपासणी, आतड्याचे तुकडे काढणं, त्याचा खर्च, हे सगळं कशाला?

डॉक्टरांनी उलट सांगितलं: तपासणी होईपर्यंत चपाती खात राहा. सांगणं कठोर वाटतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि अस्तरावरचे सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात. ग्लुटेन थांबलं की रक्तातली प्रतिद्रव्यं उतरू लागतात, अस्तर भरू लागतं आणि मग तपासणी खोटं 'सगळं ठीक' सांगू शकते. नंतर खात्री करायची झाली, तर माणसाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो.

बाईंनी तीन आठवडे आणखी त्रास काढला. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले नमुने घेतले गेले आणि अहवालात अंकुर सपाट झाल्याचं स्पष्ट आलं. या निर्णयाचं महत्त्व मला पुढे वारंवार जाणवलं. हे पथ्य जन्मभराचं आणि आपल्याकडे ते चारचौघांत पाळावं लागतं. 'एका घासानं काय होतंय' हे वाक्य बाईंना लग्नात, बारशात, शाळेत, माहेरी सगळीकडे ऐकावं लागलं. हातात पक्का अहवाल असल्यामुळे त्यांचा स्वतःचा निश्चय डळमळला नाही.

सासऱ्यांनी एक रास्त प्रश्न विचारला होता: याच्यावर गोळी का नाही? आजही या आजारावर रोजचा उपचार म्हणून आहारच आहे. गव्हाशी त्याचा संबंध लावला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. इतर मुलं उपासमारीनं खंगली, पण या आजाराची मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५०मध्ये आपल्या प्रबंधात हे मांडलं. सासऱ्यांनी हे लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "मग आमच्या लहानपणी हिला काहीच झालं नसतं. तेव्हा चपाती सणालाच व्हायची." त्यांचं म्हणणं खरं आहे. या भागात रोजचं अन्न शाळूची भाकरी हेच होतं.

अडचण: अन्न आहे, स्वयंपाकघर नाही

पहिल्या भेटीत नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे फक्त चपाती बंद. एवढंच ना, मॅडम?"

अन्नाच्या बाजूनं पाहिलं तर जवळजवळ एवढंच होतं. ग्लुटेन गव्हात, जवात आणि राय या धान्यात असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा आणि सगळ्या डाळी मुळात ग्लुटेनमुक्त. शाळूची भाकरी, पिठलं, भात-आमटी, उसळ, पोहे, घावन, इडली या गोष्टी आपल्याकडे रोजच्याच आहेत. परदेशातल्या रुग्णाला पाव सोडून काय खायचं हा प्रश्न पडतो. बाईंना तो पडलाच नाही.

गव्हाच्या पाठोपाठ काय काय जातं ते मात्र सविस्तर सांगावं लागलं. रवा, मैदा, शेवया, लापशी, कुरडई, टोस्ट, खारी हे ओळखू येतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटातही बहुतेक घरी घालतात, सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो, हे चटकन लक्षात येत नाही. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत जवाचं माल्ट असतं. 'नाचणीची' म्हणून मिळणाऱ्या बिस्किटांत पहिला घटक बहुधा मैदाच निघतो. आणि खपली. या भागात खपली गव्हाला मोठा मान आहे, मधुमेहाला बरा म्हणून तो महाग विकला जातो. एका नातेवाइकांनी बाईंना पाच किलो खपली आणून दिला, "यात ग्लुटेन नसल्यासारखंच आहे" म्हणून. प्रेमानं आणलेला होता, पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिअ‍ॅकमध्ये तो अजिबात चालत नाही.

खरी अडचण प्रमाणाची होती. एका चपातीला साधारण तीस ग्रॅम कणीक धरली तर तिच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. इटलीतल्या काही संशोधकांनी २००७मध्ये सिलिअ‍ॅकच्या रुग्णांवर केलेल्या तीन महिन्यांच्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेननंही आतड्याला इजा होते असं दिसलं. म्हणजे एका चपातीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक तुकडा, रोज. रोजची मात्रा दहा मिलिग्रॅमच्या खाली राहिली तर सहसा इजा होत नाही. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार 'ग्लुटेनमुक्त' लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं.

आणि बाई रोज पहाटे उठून पाच माणसांच्या पंचवीस चपात्या लाटत होत्या.

पर्याय

आम्ही चार पर्याय मांडले. बाईंसाठी ओट्याचा एक कोपरा आणि भांडी वेगळी ठेवायची, बाकी घर आहे तसं. किंवा घरात गहू राहील, पण कणीक मळणं-लाटणं बंद, चपात्या बाहेरून तयार आणायच्या. किंवा चपात्या घरीच होतील, पण त्या दुसऱ्या कोणीतरी, मागच्या पडवीत करायच्या. किंवा सगळं घरच गव्हाशिवाय चालवायचं.

दुसऱ्या पर्यायावर सासूबाई एकच वाक्य बोलल्या, "माझ्या हयातीत या घरात विकतची चपाती आली न्हाई." तिसऱ्याला माणूस नव्हतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, नवऱ्याला लाटता येत नाही आणि शिकावं असं तेव्हा कोणी सुचवलंही नाही. चौथा पर्याय बाईंनीच नाकारला. "एका माणसासाठी पाच जणांनी कशाला बदलायचं, मॅडम? मी सांभाळते."

म्हणून पहिला पर्याय ठरला. वेगळा तवा, वेगळी परात, वेगळी चाळण, वेगळं लाकडी पोळपाट-लाटणं, वेगळा मिठाचा आणि तुपाचा डबा. आधी बाईंची भाकरी आणि भाजी करायची, झाकून ठेवायची, मग कणकेला हात लावायचा. लाटताना तोंडावर मास्क. सुरुवातीला दुधाचा चहा आणि खीर कमी केली, कारण अस्तर खराब असताना दुधातली साखरही पचत नाही. ती पुढे परत सुरू झाली.

सहा महिन्यांनंतर

बाईंचं पोट फुगणं थांबलं, तोंड येणं कमी झालं, वजन वाढलं. हिमोग्लोबिन नऊच्या पुढे गेलं आणि तिथेच अडकलं. टीटीजी उतरलं होतं, पण हवं तेवढं नाही. हा आकडा पूर्ण खाली यायला एक-दोन वर्षं लागू शकतात, तेव्हा नुसत्या त्या आकड्यावर घाबरायचं कारण नव्हतं. पण हिमोग्लोबिनही अडकलेलं असल्यामुळे कुठून तरी ग्लुटेन जात असावं अशी शंका आली. बाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी एक घास खाल्लेला नाही. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. म्हणून मी घरी जाऊन एक सकाळ स्वयंपाकघरात बसायचं ठरवलं.

सगळ्यात मोठी गळती घराबाहेर निघाली. शाळू घरचा, पण दळायला गावातल्या गिरणीत जायचा. तिथे दिवसभर गहू दळला जातो. आधीच्या दळणाचं पीठ जात्याच्या पाळीत आणि पत्र्याच्या नळीत राहतं. हिशेब करून पाहिला: एक मोठा चमचा, म्हणजे दहा ग्रॅम गव्हाचं पीठ पाच किलो शाळूत मिसळलं, तर किलोमागे १८० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन होतं. ग्लुटेनमुक्तच्या मर्यादेच्या नऊपट. दिवसाला दोनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर पस्तीस-छत्तीस मिलिग्रॅम तिथेच गेले. गिरणीवाले काका भले माणूस, "सकाळी पहिलं तुमचंच दळण घेतो" म्हणाले. पण आदल्या दिवशीचं पीठ पहिल्या दळणातच येतं.

त्याच्याही आधी खळं. रब्बीचा शाळू आणि गहू पाठोपाठ निघतात आणि मळणीचं यंत्र एकच असतं. मी मूठभर शाळू ताटात पसरला तेव्हा त्यात गव्हाचे दाणे दिसले. पूर्वी बायका धान्य निवडायच्या त्यात खडे जायचे तसे हे दाणेही गेले असते. आता धान्य थेट गिरणीत जातं.

मग हिंग. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, म्हणजे अस्सल हिंगात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून केलेला. घरातल्या डबीवर गव्हाचं पीठ स्पष्ट लिहिलेलं होतं. एकट्या हिंगाला मी दोष देणार नाही. चिमूटभर हिंगातलं ग्लुटेन सहा जणांच्या आमटीत वाटलं गेलं की एका वाटीत दोनेक मिलिग्रॅम येतं. पण तो आमटीत, भाजीत, ताकात, लोणच्यात आणि उडदाच्या पापडात सगळीकडे असतो. आणि उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्यातही तोच खडा हिंग गेला होता.

शेवटी हवेतली कणीक. बाईंनी मास्क लावला होता, पण लाटताना उडालेलं पीठ शेजारी निवत ठेवलेल्या भाजीवर, पाण्याच्या हंड्यावर, फडक्यावर बसत होतं. ते फडकं दोन्ही तव्यांना चालायचं. बाई जीव तोडून नियम पाळत होत्या. त्या स्वयंपाकघरात ते नियम पाळणं शक्यच नव्हतं.

दुसरा निर्णय: काय बदलायचं?

दळणाचा प्रश्न पैशानं सुटला. पंधरा-वीस हजारांच्या घरातली घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच पडणार नाही असं ठरलं. शाळू निवडायचा, धुवायचा, स्वच्छ धोतरावर वाळवायचा आणि मग दळायचा. सासऱ्यांनी निवडण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. हिंग बदलून तांदळाच्या पिठातला, ग्लुटेनमुक्त लिहिलेला आणला. वर्षाचा मसाला टाकायला मात्र कोणी तयार होईना. बरणीभर मसाला म्हणजे मिरच्या, खोबरं, कांदा आणि दोन दिवसांची मेहनत. तोडगा असा निघाला की तो मसाला नणंदेकडे गेला आणि बाईंसाठी थोडा नवा मसाला घरीच मिक्सरवर केला.

चपातीवर सगळं येऊन थांबलं. बाई लाटत राहिल्या तर धूळ राहणार. सासूबाई विकतचं आणू देईनात. नवरा गप्प. बाईही म्हणाल्या, "राहू दे मॅडम, निम्मं तरी झालं ना." ही कोंडी दोन महिने फुटली नाही.

तिसरा निर्णय: मुलीचा अहवाल

सिलिअ‍ॅकचं निदान झालं की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांची रक्ततपासणी करावी असा सल्ला दिला जातो, कारण आजाराची जनुकीय प्रवृत्ती घरात चालत येते. साधारण दहा-पंधरा जवळच्या नातेवाइकांमागे एकाला तो सापडतो. मुलांच्या परीक्षांमुळे ही तपासणी पुढे ढकलली गेली होती. झाली तेव्हा मुलाचा अहवाल चांगला आला, मुलीचा नाही. तिला कसलाच त्रास नव्हता. फक्त उंची वर्गातल्या मुलींपेक्षा कमी होती आणि 'आईवर गेली आहे' म्हणून ती सोडून दिली गेली होती. पुढची तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं.

त्या आठवड्यात घर बदललं. सासूबाईंनी गव्हाचा डबा रिकामा करून चुलत जावेकडे पाठवला. कुरडया दिल्या. पोळपाट-लाटणं धुऊन माळ्यावर टाकलं. "पोरीला चालत न्हाई तर आमाला तरी कशाला पायजे," एवढंच बोलल्या. नवऱ्याला आणि मुलाला चपाती हवी असेल तेव्हा ती तयार आणून दुकानात किंवा पडवीत खायची, घरात सगळ्यांना भाकरी आणि भात. ज्या गोष्टी सुनेसाठी आठ महिने अशक्य होत्या, त्या नातीसाठी आठ दिवसांत झाल्या.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. सासूबाईंचा सुनेवर जीव आहे, दवाखान्यात रात्रभर सुनेच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. पण आपल्या घरांत सुनेचं दुखणं तिनं स्वतः सांभाळायचं असतं, असं सूनही मानते आणि बाकीचेही. पथ्य देणाऱ्यानं हे गृहीत धरूनच पर्याय मांडायला हवेत. बाईंनी पहिला पर्याय 'निवडला' असं कागदावर दिसतं. घरातल्या इतर तीन मोठ्या माणसांना विचारून, त्यांच्यावर काय काय पडणार हे सांगून तो निवडला गेला नव्हता.

घराबाहेर

मुलीचं पथ्य आईपेक्षा वेगळं निघालं. आईला चुकून गहू गेला की पोट लगेच सांगतं. मुलीला काहीच होत नाही. तिनं मैत्रिणींबरोबर एकदा पाणीपुरी खाल्ली, घरी येऊन सांगितलं आणि म्हणाली, "मला तर काहीच झालं नाही." लक्षण नसलं तरी आतड्याला इजा होते, हे तेरा वर्षांच्या मुलीला पटवणं अवघड. कोणी ओरडलं नाही हे बरं झालं, नाहीतर पुढच्या वेळी तिनं सांगितलंच नसतं. तिच्याच अहवालातले टीटीजीचे आकडे तिच्यासमोर ठेवले आणि पुढच्या तपासणीत ते उतरले की नाही हे तिनं स्वतः बघायचं असं ठरवलं. ती वहीत तक्ता काढते. डब्यात ती घरी केलेलं भडंग नेते, आणि ते मैत्रिणी आधी संपवतात. शाळेचा 'चपाती-भाजीच आणा' हा नियम होता. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर तिच्यापुरता तो सुटला.

सत्यनारायणाचा प्रसाद हा सगळ्यात नाजूक विषय ठरला. प्रसाद नाकारायचा नाही म्हणून बाई पहिल्या वर्षी शेजारच्या पूजेत कणभर शिरा जिभेवर ठेवत होत्या. घरच्या पूजेच्या वेळी सासूबाईंनी गुरुजींनाच विचारलं. गुरुजींनी दाखवलं की कथेच्या पहिल्याच अध्यायात प्रसादाच्या जिनसा सांगताना, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं असं म्हटलेलं आहे. त्या वर्षीपासून या घरात तांदळाच्या रव्याचा शिरा होतो, सव्वाच्याच मापानं. शेजारी गेल्या की बाई तीर्थ आणि केळं घेतात. आता तेही सगळ्यांना माहीत झालं आहे.

लग्नाच्या पंगतीत भात आणि साधं वरणसुद्धा खात्रीचं नसतं, वाढपी तोच चमचा सगळीकडे फिरवतो. मायलेकी जेवून जातात किंवा डबा नेतात. उपवासाचं म्हणून हॉटेलात साबुदाणा वडा मागवणंही बंद केलं, कारण समोशाचंच तेल असतं. औषधाच्या गोळ्यांत कोणता स्टार्च आहे हे वेष्टनावर बहुधा नसतं, म्हणून नेहमीच्या गोळ्यांबद्दल औषध दुकानदारामार्फत कंपनीकडे एकदाच विचारून यादी करून ठेवली.

परिणाम

घर बदलल्यानंतर वर्षभरात बाईंचं हिमोग्लोबिन बाराच्या पुढे गेलं आणि लोहाच्या गोळ्या थांबल्यावरही टिकलं. टीटीजी सामान्यच्या जवळ आलं. हाडांची घनता तपासली तेव्हा ती कमी निघाली, त्यावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. आहारात नाचणी रोजची केली, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मुलीची उंची वाढू लागली आहे, पुढे किती वाढेल ते आत्ताच सांगता येणार नाही. खर्चाचं म्हणाल तर घरघंटी सोडून फारसा वाढला नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणारी तयार पिठं आणि बिस्किटं साध्यापेक्षा कितीतरी महाग असतात. या घरात ती क्वचितच येतात.

सगळं सुरळीत आहे असं नाही. मुलाला डब्यात चपाती हवी असते आणि कधी कधी तो रुसतो. पुरणपोळी तांदळाच्या आणि शाळूच्या पिठाच्या मिश्रणात करून पाहिली, ती फाटते. होळीला सासूबाई अजून हळहळतात. भाकऱ्या थापायला चपातीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि हे काम अजून मुख्यतः बाईंच्याच हातात आहे. नवरा भाकरी शिकला आहे, रविवारी करतो.

वेगळं काय करता येईल

असंच कुटुंब पुन्हा समोर आलं तर पहिल्या भेटीला घरातली स्वयंपाकाचा निर्णय घेणारी व्यक्ती हजर असावी असा माझा आग्रह राहील, मग ती सासू असो, आई असो की स्वयंपाकाच्या मावशी. रुग्ण एकटा आला तर पर्यायांची चर्चा पुढच्या भेटीवर ठेवावी. 'मी सांभाळते' या उत्तरावर लगेच कामाला लागू नये. रोज कोण किती वेळ लाटतं, कोणाला किती वेळ आहे, हे आधी मांडावं.

दळण, धान्याची मळणी आणि हिंग हे तीन प्रश्न यादीत सगळ्यात वर हवेत. 'काय खाऊ नये' हा कागद छापील असतो आणि बराचसा पाव-पास्त्याच्या देशांतला असतो. आपल्याकडे ग्लुटेन भाकरीतून पोटात जातं, हे त्यात लिहिलेलं नसतं. शक्य असेल तर पहिल्या महिन्यातच एकदा स्वयंपाकघर पाहावं. जाणं जमत नसेल तर पहाटेच्या स्वयंपाकाचं मोबाइलवर केलेलं चित्रण मागवावं, त्यातही बरंच दिसतं.

आणि मुलांची तपासणी निदानाच्याच महिन्यात व्हावी. या घरात ती लवकर झाली असती तर मुलीच्या वाढीच्या वयातले काही महिने वाचले असते. बाईंसाठीही घर आधी बदललं असतं, हे म्हणताना मला वाईट वाटतं, पण ते तसंच आहे. मुलगा आज ठीक आहे याचा अर्थ तो कायम ठीक राहील असा नाही. त्याची टीटीजी तपासणी ठरावीक वर्षांनी, किंवा काही लक्षण दिसलं तर लगेच, पुन्हा करायची आहे.

पुढचा प्रश्न दोन वर्षांवर आहे. दहावीनंतर मुलीला पुण्याला शिकायला जायचं आहे. वसतिगृहाच्या खाणावळीत हे पथ्य पाळता येणार नाही, हे सगळ्यांना कळलं आहे. भाड्याची खोली, विजेची शेगडी, घरचं दळलेलं पीठ आणि स्वतः भाकरी थापणं, असा विचार चालला आहे. सुट्टीत ती आजीकडून भाकरी शिकते आहे. सासऱ्यांचं मत मात्र वेगळं आहे: मुलीनं अकरावी-बारावी सांगलीतच करावी आणि रोज घरी यावं. यावर अजून काही ठरलेलं नाही.